सहाजणींचं एक नाव

११ सप्टेंबर

कँटीनच्या भिंतीवर आज जयवंतीकाकीचा फोटो लागला. खाली इंग्रजीत, महिन्याची उत्तम कामगार. फोटोत काकी अशी बघतेय, जणू कोणी तिच्या टोपलीतलं पापलेट उचलून पळालंय. बाकीच्या हसून हसून बेजार. ती माझी चुलतसासू, मला पदराआड हसावं लागलं. (पुढे ज.काकी असंच लिहीन, बोटं दुखतात.)

कॉम्प्युटर म्हणतो, ही बाई एका पाळीत कोल्ड स्टोरेजच्या गोदामातल्या कोणाहीपेक्षा जास्त क्रेट उचलते. उचलेलच. सहा बायकांची मिळून एक बाई आहे ती. कॉम्प्युटरमध्ये दर नावामागे पैसे भरावे लागतात म्हणे, म्हणून ठेकेदाराने आमच्या आलेवाडीच्या टोळीला एकच नाव घेतलं. कोणाचं घालू, असं त्याने विचारलं तेव्हा आम्ही विचारसुद्धा केला नाही. बोटीचं लायसन एकाच्या नावावर असतं, जाळं सगळे ओढतात. काकी आमची तांडेल, बोटीवर म्होरक्या असतो तशी. स्कॅनर तिन्ही तिच्याच नावाने उघडायचे.

लता म्हणाली, "ही एका टायमाला दोन चेंबरमधी कशी, कोनी ईचारलं नाय काय गो?"

आकडा चांगला असला की कोण विचारतंय! देसले साहेबांनी, म्हणजे गोदामाच्या मॅनेजरनी, स्वतःच्या हाताने पेढे वाटले. त्यांना सगळं माहीत आहे. ज.काकीने पेढा अर्धा खाल्ला, अर्धा माझ्या लेकीसाठी, सोनलसाठी, माझ्याकडे दिला.

१३ सप्टेंबर

दोन नंबर चेंबरचा कंप्रेसर रात्रीच बसला होता, सकाळी कळलं. एरवी आत हाडं गोठतात, आज जाकीट काढावंसं वाटलं. इलायची दुधाच्या पिशव्या, सगळ्या कोमट. साहेब म्हणाले, सगळं दूध होल्डला टाका, तपासणी होईपर्यंत हलवायचं नाही. ज.काकीने स्कॅन केलं, स्क्रीनवर लाल पट्टी आली.

स्क्रीनवर माल तुरुंगात गेला. खऱ्या मालाला ठेवायचं कुठे? होल्डची जाळी नवरात्राच्या मालाने गच्च. शेवटी एक नंबरमध्ये दाराशीच उभा केला, चांगल्या दुधाला लागून. मी म्हटलं, साहेब, लाल टेप तरी गुंडाळू.

"टेप संपलीय. सिस्टिमला माहितीये ना, सिस्टिम जाऊ देणार नाही."

बरं म्हटलं. आपल्याला काय.

१५ सप्टेंबर

काकांची तिथी. काका बोटीवरून परत आले नाहीत, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ज.काकीने सुट्टी मागितली तर ठेकेदाराचा मुकादम म्हणतो, "पितरं काय पळून चाललीत?" मग आम्हीच ठरवलं, तू घरी रहा, आम्ही ओढून घेतो. मुकादमाने काकीची हजेरी लावली, त्याला काय, डोकी कमी दिसली की त्यालाच बोलणी.

आज गाड्या पाठोपाठ. एक नंबरच्या दारावर मी आणि लता, बाकीच्या तिघी तीन नंबरला. आतल्या तालुक्याच्या ऑर्डरी, दुकानं, हॉस्टेलं, शाळा. ड्रायव्हर बोंबलतोय, "मौसी, जल्दी करो ना." हातमोजा घातला तर बटण दाबलं जात नाही, काढला तर बोटं मरतात. स्कॅनर सारखा काहीतरी इंग्रजीत विचारतो. बारकोडची पट्टी फाटली, पुढे जायचं का. क्रेट कमी, पुढे जायचं का. हिरवं दाबलं की गप्प होतो. आम्ही वाचत नाही, दाबतो.

संध्याकाळी काकीकडून वडे आणि खीर आली. कावळा लगेच शिवला म्हणे. काका जन्मात कधी वेळेवर जेवायला आले नाहीत, मेल्यावर सुधारले. असं मी म्हटलं तर हे चिडले. ह्यांना आपल्या घरातल्या मेलेल्या माणसांवर हसलेलं चालत नाही.

१९ सप्टेंबर

मोबाईलवर फिरतंय. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत मुलींना उलट्या, जुलाब. दूध पिऊन. खूप मुली दवाखान्यात आहेत. फोटोत एक रिकामी पिशवी.

पिशवी आमची आहे.

फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा बघितला. मग स्वतःलाच सांगितलं, दूध काय एकट्या आमच्या गोदामातून जातं? सोनलला म्हटलं, फोन ठेव, अभ्यास कर. ती बिचारी अभ्यासच करत होती.

२० सप्टेंबर

दाराशी उभं केलेलं दूध नाही. सगळं नाही असं नाही, पुढची पॅलेटं, क्रेट रचलेल्या लाकडी फळ्या, नाहीत. साहेब तिथे उभे होते, घाम पुसत, चार अंशांत.

कॉम्प्युटरला विचारलं तर त्याने झटकन सांगितलं. पंधरा तारीख, दुपार, माल बाहेर, जयवंती. वरची परवानगीही तिचीच. होल्डचा माल काढायचा तर खरं म्हणजे साहेबांचा गुप्त आकडा लागतो. पण गणपतीच्या गर्दीत दर वेळी जिना उतरायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी ती परवानगी काकीच्या नावालाच देऊन टाकली होती. "सारखं सारखं बोलवू नका मला," हे त्यांचेच शब्द. आज त्यांना ते आठवत नाहीत.

पंधरा तारखेला काकी घरी होती. कावळ्याला हाका मारत होती.

एक नंबरच्या दारावर दोघीच. मी नाहीतर लता.

संध्याकाळी गाडीत बसलो. पाम गावच्या फाट्यावर रोज आम्ही वडापावला उतरतो, आज कोणी "थांबव" म्हटलं नाही.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. सगळ्या ज.काकीच्या ओट्यावर जमलो. लता सारखी पदराचं टोक चावत होती. एकीने म्हटलं, जाऊन सांगूया, नाव एक असलं तरी कामं सगळ्या करायच्या. दुसरीने म्हटलं, मग सगळ्यांनाच काढतील, वर पोलीस. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. आज चालली नाही.

काकी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोट खडकाला लागली त तांडेलाला ईचारतात. खलाशाला कोनी ईचारत नाय. माजं नाव हाय, मीच केलं असं मी सांगनार. तुमी गप ऱ्हावा."

"तुमी तिथं नव्हता, काकी," मी म्हटलं.

"हजेरी हाय ना?"

हजेरी आहे. आम्हीच लावून घेतली.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी असं वाटलंच नव्हतं म्हणेन. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लाज मागाहून वाटली, घरी आल्यावर, भात टाकताना.

२४ सप्टेंबर

सुट्टी. ह्यांना सांगितलं, बोईसरला बाजाराला जाते. गेले दवाखान्यात. का गेले ते मला विचारू नये. बऱ्याच मुली घरी गेल्या आहेत, एक आत आहे, काचेच्या दारापलीकडे. चौथीतली. निकिता.

तिची आई बाहेर जमिनीवर बसलेली, पाय पोटाशी. लहानखुरी, माझ्यापेक्षा वयाने कमीच असेल. मी बाकावर टेकले तर म्हणाली, "तुमचा कोन हाय आत?"

"नणंद," म्हटलं. तोंडातून सटकन आलं.

तिने पिशवीतून केळं काढलं, अर्धं मला दिलं. मी घेतलं. नाही कसं म्हणणार?

"आमच्यात दूध पितंय कोन," ती म्हणाली. "पोरीला वासच नाय आवडं. बाईंनी सांगलं, टाकायचा नाय, सगळ्यांनी पियाचा. पिली." उरलेलं अर्धं केळं तिने परत पिशवीत ठेवलं. मग, "कोनी धाडला तो दूध, त्याचा नाव तरी कळला पायजे. डाक्टर सांगं नाय, मास्तर सांगं नाय."

मी म्हटलं, कळेल. अशी हलकट बाई आहे मी. तिचं अर्धं केळं खाऊन उठले आणि सालही तिच्याच पिशवीत टाकलं.

२६ सप्टेंबर

निकिता गेली.

कँटीनमध्ये साहेबांनी सांगितलं, दोन मिनिटं उभं राहायला लावलं. समोर भिंतीवर काकीचा फोटो अजून तसाच. कोणाच्या लक्षात आलं नसेल. ज.काकी त्याच्याखालीच उभी होती.

२७ सप्टेंबर

काकीला पोलिसांनी बोलावलं होतं. दुपारी गेली, दिवेलागणीला आली. काय विचारलं, सांगत नाही. "पानी दिलं, खुर्ची दिली," एवढंच.

आज साहेबांनी मला वर बोलावलं. बसा म्हणाले. आजवर कधी बसा म्हटलेलं नाही, तेव्हाच ओळखलं.

"प्रमिला, तुम्ही बारावी झालेल्या. नवीन नाव काढायचंय सिस्टिममध्ये. तुमचं घालू म्हणतो. टोळी तुम्हीच सांभाळा."

"आणि काकी?"

"त्यांनी स्वतः कबूल केलंय. सिस्टिम पण तेच सांगते. आपण मध्ये काय बोलणार?"

मी म्हटलं, साहेब, त्या नावाने आम्ही सगळ्या काम करायचो, तुम्हाला माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नियम प्रत्येकीने आपलंच नाव वापरायचं असा आहे. पहिल्या दिवशी सांगितलं होतं." असं कधी सांगितलं नव्हतं. नावंच नव्हती तर वापरणार काय, कपाळ? हे शेवटचं मी मोठ्याने बोलले नाही. बोलायला हवं होतं. विचार करून सांगते म्हटलं आणि खाली आले.

सांगते म्हटलं मी! तिथल्या तिथे नाही म्हणता आलं नाही मला.

२९ सप्टेंबर

लता नळावर भेटली. डोळे खोल गेलेत. तिचा नवरा कुंभवलीच्या कारखान्यात होता, हात गेल्यापासून घरी आहे. घर तिच्यावर चालतं.

म्हणाली, "परमिला, मी दाबलं काय गो?"

"मला काय माहीत."

"तू होतीस ना बाजूला."

"तूही होतीस ना माझ्या बाजूला."

हंडा भरून वाहत होता, दोघींनी बंद केला नाही. मग ती म्हणाली, "मी केलं असं सांगलं, आन मी केलंच नसलं त? मंग माजी पोरं फुकट मेली ना." आणि थोड्या वेळाने, "आन तू केलं असशील त?"

भांडायलाच हवं होतं मी. एरवी भांडले असते. मला फक्त एवढंच वाटलं की हिलाही माझ्यासारखंच होतंय, आणि त्याने बरं वाटलं.

३० सप्टेंबर

आज मुद्दाम एक नंबरमध्ये त्या जागेवर जाऊन उभी राहिले. पाठीशी दार, उजवीकडे चांगलं दूध, समोर ते जिथे होतं ती रिकामी जागा. स्कॅनर हातात धरला. आठव म्हटलं. ड्रायव्हरचा आवाज आठवतो. त्याच्या शर्टाचा रंग आठवतो. लता शिंकली होती ते आठवतं. पुढचंच पॅलेट ओढलं असणार, हाताशी होतं ते. लाल पट्टी आलीच असणार. कोणाच्या स्कॅनरवर? काही म्हणजे काही आठवत नाही. एखादी पोर मेली तर ज्या हाताने मेली त्या हाताला काहीतरी कळायला नको?

फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "दीदी, हटो, माल आ रहा है." हटले.

२ ऑक्टोबर

दसरा. ह्यांची बोट पूजेला लागली. मी सगळं सांगितलं ह्यांना, पहिल्यांदाच, दवाखान्यात गेले होते तेसुद्धा. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकीनं घेतलंय ना आंगावर? तिचा शब्द मोडू नको. तांडेल बोलला ते बोलला."

म्हटलं, बोटीवर तांडेल असतो तरी बोटीवर. ही तर घरी होती!

"मंग तुला काय, तुरुंगात जायचंय?"

ह्यांच्यावर चिडता येत नाही. घाबरलेत. माझ्यासाठीच घाबरलेत. जेवलोच नाही दोघं, सोनल एकटी जेवली, श्रीखंड तसंच राहिलं.

३ ऑक्टोबर

मुख्य ऑफिसमधून उद्या एक बाई येणार, एकेकीला विचारणार. ज.काकीने पुन्हा बोलावून पढवलं. काकी कामावर होती म्हणून सांगायचं. दारावर काकीच होती म्हणून सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना निकिताची आई डोळ्यांपुढे. नाव तरी कळला पायजे. तिला उद्या नाव मिळेल, जयवंती. ती ते नाव जन्मभर शिव्या घालायला वापरेल, आणि ते खोटं असेल.

४ ऑक्टोबर

बाई चांगली होती, हेच वाईट झालं. तिरसट असती तर मी खोटं बोलले असते.

"पंधरा तारखेला जयवंतीबाई कामावर होत्या?"

"नव्हत्या."

ती टाइप करायची थांबली. बाजूला साहेब बसले होते, त्यांची खुर्ची वाजली.

"मग त्यांच्या नावाने काम कोण करत होतं?"

"आम्ही. रोज आम्हीच करतो. सहाजणींत एकच नाव आहे. साहेबांना माहीत आहे, ठेकेदाराला माहीत आहे. परवानगी साहेबांनी दिली. माल दाराशी ठेवायला त्यांनीच सांगितलं, टेप नव्हती."

साहेब म्हणाले, मॅडम, असं काही नाही. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं. एक क्षण मला फार बरं वाटलं.

"त्या दारावर कोण होतं?"

लताचं नाव मी घेतलं नाही. म्हटलं, "मी होते."

"म्हणजे तो माल तुम्ही काढला."

"मी असेन. माहीत नाही. खरंच आठवत नाही."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बाई, मला इथे हो किंवा नाही लिहावं लागतं. कदाचित लिहायला जागा नाही." आवाज मऊच होता तिचा. मी म्हटलं, मग तुम्ही जागा करा. ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही. सोमवारी अकरा वाजता या, विचार करून या, सही लागेल.

बाहेर बाकावर ज.काकी बसलेली, माझ्यानंतर तिचाच नंबर. माझ्याकडे बघून उठली आणि आत गेली. दार लागलं.

५ ऑक्टोबर

रविवार. लता नळावर आली, मला बघून रिकामाच हंडा घेऊन परत गेली. टोळीतल्या दोघी गाडीवाल्याला सांगून आल्या म्हणे, उद्यापासून प्रमिलाची जागा ठेवू नको. ठेवायची गरजही नाही, साहेबांनी फोन करून सांगितलंय, चौकशी संपेपर्यंत कोणीच यायचं नाही, सहाहीजणी.

सकाळी हे बंदरावर गेल्यावर ज.काकी आली. वाटलं, आता ओटा दणाणून सोडेल. ती खाली बसली. मी चहा टाकला.

"मला ईचारलं, तुमी होता काय. मी सांगलं, होते," ती म्हणाली. "तू सांगलं नव्हत्या. दोघींतली एक खोटी ठरनार."

"खोटं तुमी बोललात, काकी."

"बोलले. मंग? माज्या मागं कोन हाय. तुला पोर हाय. उद्या जा, आन सांग, माजी चूक झाली, काकी होती. पुरं."

मी नाही म्हटलं. ती चहा बशीत ओतून प्यायली, सगळा. सोनलला हाक मारून दुकानात पिटाळली, बिस्किटं आणायला. सोनल फाटकाबाहेर गेली तसा तिचा आवाज बदलला.

"मी तिथं नव्हते. अंगावर घेतलं ते घेतलं, पन मला ठावं नाय कोनाचं घेतलं. त्या पोलिसानं पोरीचा फोटू दावला मला. दोन वेन्या, लाल रिबिनी." पदराने तोंड पुसलं. "मला एकटीला सांग. तू का लता? मी कोनाला बोलनार नाय. मला नुसतं ठावं पायजे."

मी म्हटलं, "काकी, शप्पथ सोनलची, मला माहीत नाही."

काकी पुढे सरकली. माझे दोन्ही हात धरले, तळवे वर करून बघितले, मग उलटे करून बघितले, एकेक बोट. बराच वेळ. सोनल बिस्किटांचा पुडा घेऊन परत आली तेव्हा सोडले.

उद्या अकरा वाजता सही.